सांगलीत सेंटर, बाहेर गार्ड

प्रश्न: मी 17 वर्षांची आहे, सांगलीत अकरावी सायन्सला शिकते. उंची 175 सेंमी. पाचवीपासून बास्केटबॉल खेळते, पहिल्यापासून सेंटरला. यंदा 18 वर्षांखालच्या राज्य संघात निवड झाली, पण राष्ट्रीय स्पर्धेत फार वेळ बाकावरच होते. समोरच्या सेंटर माझ्यापेक्षा वीतभर उंच होत्या. मला याच खेळात करिअर करायचं आहे. सर म्हणतात खेळाच्या कोट्यातून रेल्वेच्या नोकरीची तयारी कर. मामा म्हणतो अमेरिकेत स्कॉलरशिप मिळते. त्याच्या ओळखीचा एक एजंट आधी थोडे पैसे आणि स्कॉलरशिप झाली की तिच्या रकमेतला काही टक्के हिस्सा घेतो. आई म्हणते आधी बारावी कर, मग बघू. मी कुठल्या वाटेनं जाऊ?

उत्तर:

तुझ्या पत्रातल्या ‘वीतभर उंच’ या दोन शब्दांपाशी आम्ही थांबलो. रेल्वे की अमेरिका हा प्रश्न त्यानंतरचा. रेल्वेचे निवडकर्ते असोत, अमेरिकन कॉलेजचे प्रशिक्षक असोत की परदेशी क्लब, तुझ्याबद्दल सगळे पहिला प्रश्न एकच विचारणार: ही मुलगी कुठल्या जागेवर खेळेल? आज तुझ्याकडे त्याचं उत्तर नाही. शाळेत सगळ्यात उंच होतीस म्हणून तुला रिंगखाली उभं केलं गेलं. जिल्ह्यात ते चाललं. राष्ट्रीय पातळीवर सेंटरला सहा फुटांवरच्या मुली असतात आणि अमेरिकन कॉलेजांत तुझ्या उंचीच्या मुली गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू पुढे नेणाऱ्या जागेवर, खेळतात. भारतातून अमेरिकन कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन एकमध्ये, खेळलेल्या संजना रमेश आणि हरसिमरन कौर या दोघीही सहा फुटांपेक्षा उंच आहेत. 175 सेंमीची सेंटर ही जागा वरच्या पातळीवर जवळजवळ नसतेच. पण रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) ओढणारी, पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पाठ लावून खेळता येणारी 175 सेंमीची गार्ड कुठल्याही प्रशिक्षकाला हवी असते. म्हणून पुढची दोन वर्षं सेंटरची गार्ड होण्यात घाल. वाट कुठलीही धरलीस तरी हे काम करावंच लागणार आहे.

आधी मैदानावरची रेघ तपास. तीन गुणांची रेषा 2010 पासून 6.75 मीटरवर आहे, पण आपल्याकडच्या कित्येक शाळांच्या कोर्टवर अजून जुनीच 6.25 ची रेघ दिसते. त्या रेघेवरून शॉट पक्का केलेली मुलगी निवड चाचणीत गेली की तिचा प्रत्येक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतो आणि ती उगाच स्वतःच्या हाताला दोष देते. मोजपट्टी घे. बेसलाइनच्या (रिंगमागच्या शेवटच्या रेषेच्या) आतल्या कडेपासून 1.575 मीटर आत, रिंगच्या बरोबर मध्याखाली खडूनं खूण कर. तिथून 6.75 मीटरवर पाच ठिकाणी चिकटपट्टी लाव. कोपऱ्यात मात्र रेषा बाजूच्या रेषेला समांतर जाते आणि अंतर थोडं कमी, 6.60 भरतं. आता तुझी रेघ खरी झाली. चेंडू 6 नंबरचाच वापर. मुलांबरोबर सराव करताना हाती 7 नंबरचा येतो आणि मनगटाचं गणित बिघडतं. संघाला एकच चेंडू असेल तर स्वतःचा वेगळा घे.

शॉटचा हिशेब वहीत ठेव. रोज 5 जागांवरून 20-20, म्हणजे 100 शॉट, आणि किती पडले तो आकडा. कोणी समोर नसताना शंभरात पन्नासच्या आसपास पडायला लागले, तरच सामन्यात हात वर आलेला असताना तीसेक टक्क्यांची आशा धरता येते. फ्री थ्रो दमल्यावर टाकायचे: कोर्टच्या दोन धावा, मग 2 फ्री थ्रो, असं दहा वेळा. आरामात उभं राहून ओळीनं 50 टाकण्याचा उपयोग कमी, कारण सामन्यात ते तसे कधीच येत नाहीत. वीसपैकी 15 सलग महिनाभर पडेपर्यंत समाधान मानू नकोस.

सेंटरची गार्ड होताना खरी पंचाईत ड्रिबलमध्ये होते. सेंटरला चेंडू मिळतो तेव्हा तिची पाठ रिंगकडे असते; गार्डला तोंड रिंगकडे ठेवून, मान वर ठेवून, दबावाखाली चेंडू पुढे न्यायचा असतो. तुझा चेंडू कमरेच्या वर उसळत असणार, उंच मुलींचा उसळतोच, आणि चपळ गार्ड तो तिथेच काढून घेते. गुडघ्याच्या उंचीचा ड्रिबल, डावा हात उजव्याच्या दुप्पट वेळ, आणि आठवड्यातून तीनदा कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बचावपटूविरुद्ध चेंडू नेणं. बचावाला संघातली सगळ्यात चिवट मुलगी निवड. दहा फेऱ्यांत किती वेळा चेंडू गेला ते लिही. सुरुवातीला सहा-सात वेळा जाईल. तिसऱ्या महिन्यात दोन-तीनवर आला तर सरांना सांग की स्थानिक स्पर्धेत चेंडू वर न्यायचं काम मला द्या.

हे सरांना आवडेलच असं नाही, त्यांना जिल्हा जिंकायचा असतो आणि तू रिंगखाली असलीस की तो जिंकता येतो. भांडू नकोस. आघाडी 15 गुणांवर गेली की शेवटची पाच मिनिटं मला गार्ड खेळवा, एवढंच माग. शिवाय 3×3, म्हणजे अर्ध्या कोर्टवरचं तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल, खेळत जा. तिथे सगळ्यांना सगळं करावं लागतं, 12 सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो, आणि सामना 10 मिनिटांचा किंवा 21 गुणांचा असल्यानं एका दिवसात तीन-चार सामने होतात. जागा बदलणाऱ्या मुलीला याच्याइतकी चांगली शाळा नाही. 3×3 आता ऑलिंपिक खेळ आहे, त्यामुळे त्यात वेळ फुकट गेला असं होत नाही.

आता गुडघा. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल या बंधाच्या दुखापती मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतात, आणि बहुतेक वेळा कोणाचा धक्का न लागता: उडी मारून उतरताना किंवा धावता धावता अचानक वळताना. सेंटरपेक्षा गार्डला हे वळणं फार, म्हणून जागा बदलतानाच याची तयारी हवी. तीसेक सेंमी उंचीच्या बाकावर उभी राहा, मैत्रिणीला मोबाइल तुझ्या समोर, गुडघ्याच्या उंचीवर आडवा धरायला सांग, आणि खाली उडी मारून लगेच सरळ वर उडी मार. चित्रफीत संथ करून पाहा. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का? ते पायाच्या बोटांच्या रेषेतच राहायला हवेत. झुकत असतील तर मांडीच्या मागच्या आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंचा व्यायाम आणि शांतपणे, आवाज न करता उतरायचा सराव, आठवड्यातून तीनदा 15 ते 20 मिनिटं, सरावाच्या सुरुवातीलाच. शेवटी ठेवला की तो रोज राहून जातो. एसीएल फाटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानात यायला नऊ महिने किंवा जास्त लागतात. या वयात त्यात अख्खा हंगाम जातो, आणि पुढे रेल्वेच्या हिशेबात तो किती महाग पडतो ते खाली येईलच.

रक्त तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाय जड होणारच, त्याला ‘स्टॅमिना कमी’ म्हणून आणखी धावायला लावणं चुकीचं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हेही पाहा. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. पाळी सलग तीन महिने आली नाही तर सरावामुळे असं होतंच म्हणून सोडून देऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बहुधा खाणं सरावात खर्च होणाऱ्या ताकदीच्या मानानं कमी पडत असतं आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

याच संदर्भात एक गोष्ट घरच्यांनाही वाचून दाखव. अशक्तपणा आला की आपल्याकडे डॉक्टर एक सलाईन लावून देतात. उत्तेजकविरोधी नियमांनुसार 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं हे प्रतिबंधित आहे, मग त्यात नुसतं मीठपाणी का असेना. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि निदानाच्या तपासण्या यांना सूट आहे. दवाखान्यात तरतरीसाठी लावलेल्या बाटलीला नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनही स्पर्धेच्या काळात मर्यादेबाहेर गेलं की अडचणीत आणतं. राष्ट्रीय स्पर्धेत चाचणी होऊ शकते, तेव्हा प्रत्येक औषध डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ हे सांगूनच घ्यायचं. जिममधल्या कोणी दिलेली पावडर तर नकोच.

रेल्वेबद्दल सर बरोबर सांगताहेत. महिलांसाठी पूर्ण हंगाम चालणारी, पोट भरेल इतका पगार देणारी स्थिर लीग भारतात अजून उभी राहिलेली नाही. इथे व्यावसायिक बास्केटबॉलपटू म्हणजे बहुतेक वेळा खेळाच्या कोट्यातली नोकरी, आणि महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं देशात सगळ्यांत बलवान राहिला आहे. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळत भारताची कर्णधार झाली. पण या भरतीचं गणित नीट समजून घे, कारण चांगल्या मुली खेळात कमी पडून नव्हे तर तारखांत चुकून बाहेर राहतात.

खुल्या जाहिरातीतून होणाऱ्या भरतीसाठी वय 18 ते 25. शंभरपैकी 40 गुण मैदानावरच्या चाचणीचे, त्यात 25 मिळाले तरच पुढे. 50 गुण खेळातल्या कामगिरीचे आणि 10 शिक्षणाचे. कामगिरी मोजतात ती चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली. म्हणजे तुझं यंदाचं राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र कायमचं भांडवल नाही. तू 18 ची होशील तेव्हा ते चालेल, 21 व्या वर्षी त्याचा उपयोग नाही. शिवाय नुसता सहभाग पुरत नाही, संघाचा क्रमांक लागतो. बारावीच्या नावाखाली किंवा दुखापतीनं दोन हंगाम कोरे गेले, तर 25 ची मर्यादा समोर येते आणि हातात दाखवायला काही नसतं. म्हणून कॉलेजात गेलीस की विद्यापीठ संघ सोडू नकोस. आंतरविद्यापीठ स्पर्धेतला पहिल्या तीनमधला क्रमांक इथे धरला जातो.

जाहिरातींत बऱ्याचदा जागाही लिहिलेली असते, महिला बास्केटबॉल, गार्ड 1, अशी. चाचणीला गार्ड म्हणून जाणारी मुलगी पोस्टमधून खेळू लागली तर 40 पैकी 25 कसे पडायचे? म्हणूनच सुरुवात जागेपासून केली. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या भरती कक्षांची संकेतस्थळं महिन्यातून दोनदा पाहत जा. अर्जाची मुदत साधारण महिनाभराचीच असते.

शिक्षणाचा इथे थेट संबंध आहे, हे आईला सांग. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल 2 चा मूळ पगार 19,900 आणि लेव्हल 3 चा 21,700 रुपये, त्याला बारावी चालते. लेव्हल 4 चा 25,500 आणि लेव्हल 5 चा 29,200, त्याला पदवी लागते आणि खेळातली कामगिरीही वरची लागते. तेव्हा आई म्हणते ते खेळाच्या विरोधात नाही.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून आधीच करून ठेवावी लागते. जाहिरात आल्यावर धावाधाव केली की मुदत निघून जाते. पडताळणीत संघटनेची मान्यता बघतात. ‘राष्ट्रीय’, ‘फेडरेशन’, ‘ऑल इंडिया’ असे शब्द लावून पैसे घेऊन भरवल्या जाणाऱ्या स्पर्धा खूप आहेत आणि त्यांची चकचकीत प्रमाणपत्रं इथे शून्य ठरतात. प्रवेश शुल्क भरण्याआधी ती स्पर्धा राज्य संघटनेच्या, भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या, शालेय क्रीडा महासंघाच्या किंवा विद्यापीठाच्या कार्यक्रमात आहे का ते पाहा.

आता मामाचं. अमेरिकेत शिष्यवृत्ती खरीच मिळते, पण कुठल्या कॉलेजात हे महत्त्वाचं. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना. तिच्या डिव्हिजन एक आणि दोनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती आहे, डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची (ही बारावीनंतरची, आपल्याकडची अकरावी-बारावी नव्हे) एनजेसीएए आणखी वेगळी, दोन्हीकडे शिष्यवृत्त्या आहेत. डिव्हिजन एकच्या महिला संघात पंधराच्या आसपास मुली असतात आणि गेल्या काही वर्षांत प्रशिक्षक नवख्या परदेशी मुलीऐवजी दुसऱ्या कॉलेजातून बदलून येणारी तयार खेळाडू घेणं पसंत करतात. तुला आज जमण्यासारखं दार म्हणजे ज्युनिअर कॉलेज किंवा एनएआयए. तिथे दोन वर्षं गार्ड म्हणून खेळून वर जाता येतं. त्यात कमीपणा नाही.

एनसीएएची पात्रता नववीपासूनच्या गुणांवर ठरते. चार वर्षांतले 16 मुख्य विषय मोजतात, डिव्हिजन एकला त्यांची सरासरी चारपैकी किमान 2.3 लागते. मुलींकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका जपलेल्या असतात आणि नववीचीच नसते. शाळेतून तिची सहीशिक्क्याची प्रत आत्ताच काढ. मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही. बारावीनंतर वर्ष वाया घालवायचं नाही. एका वर्षाची सवलत धरून चालायचं, त्यापुढे संघटित स्पर्धा खेळत राहिलीस तर कॉलेजातला खेळायचा काळ कापला जाऊ शकतो.

एजंटाला नाही सांगा. पैसे घेणं हाच एक दोष असता तर गोष्ट वेगळी. शिष्यवृत्तीच्या रकमेचा हिस्सा किंवा ‘निवड झाली तरच’ अशी फी घेणारा माणूस एनसीएएच्या नियमांत एजंट ठरतो, आणि त्यानं तुझी पात्रताच धोक्यात येते. त्याच्या यादीतल्या प्रशिक्षकांचे ईमेल पत्ते त्या त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर उघड असतात. तू स्वतः लिही: नाव, जन्मतारीख, अनवाणी मोजलेली उंची, दोन्ही हात पसरून मोजलेली लांबी, गुण, आणि दोन दुवे. पहिला तीन मिनिटांच्या चित्रफितीचा, दुसरा दोन पूर्ण सामन्यांचा. चित्रफितीत पहिल्या वीस सेकंदांतच ड्रिबल, पास आणि बाहेरचा शॉट दिसू दे. प्रत्येक शॉटच्या आधी तुझ्यावर बाण किंवा गोल हवा. संगीत नको. पूर्ण सामना मध्यरेषेसमोरून, दोन-तीन मीटर उंचीवरून, मोबाइल आडवा धरून घ्या. चेंडूवर झूम करू नका, कारण चेंडू दुसरीकडे असताना तू काय करतेस तेच त्यांना बघायचं असतं. पन्नास पत्रांना चार उत्तरं आली तर ते वाईट नाही.

डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगबद्दल तू लिहिलं नाहीस, पण मनात असेल. 2025 मध्ये तिथे 13 संघ होते, प्रत्येकी जास्तीत जास्त 12 खेळाडू. सगळ्या जगातून 156 जागा. रेल्वेकडून खेळणारी केरळची गीतू अ‍ॅना जोस आधी ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली आणि 2011 मध्ये तिनं तीन डब्ल्यूएनबीए संघांच्या चाचण्या दिल्या. भारतातून गेलेली एकही मुलगी अजून त्या लीगचा सामना खेळलेली नाही. गीतूच्या वाटेतून घ्यायचं ते हे की नोकरी आणि परदेशातला हंगाम एकमेकांना मारक नसतात. खात्याचं ना हरकत पत्र मात्र लागतं.

परदेशी क्लबची वेळ आली तर ती 18 नंतरच येईल. त्याआधी फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, काही अपवाद सोडून एका देशातून दुसऱ्या देशात बदलीच करू देत नाही, आणि नंतरही आपल्या महासंघाचं मुक्तीपत्र लागतं. करारात पगार कर वजा जाऊन किती, कुठल्या तारखेला, घर आणि जाण्यायेण्याचं तिकीट कोणाकडे, दुखापत झाली तर पैसे थांबतात का, आणि वाद झाला तर तो जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल हे कलम आहे का, एवढं वाच. हे कलम नसलेल्या करारावर क्लबनं चार महिने पगार थकवला तर परक्या देशातल्या कोर्टात जाण्याची ताकद बहुतेक मुलींकडे नसते.

आत्तापुरतं सांगायचं तर बारावी सायन्स सोडू नकोस, पण क्लासच्या वेळा अशा लाव की आठवड्यातले पाच सराव टिकतील. बोर्डाच्या परीक्षेआधीचे दोन महिने सराव निम्मा कर, बंद करू नकोस. त्या काळात 100 शॉट आणि गुडघ्याचे व्यायाम, दीड तासात दोन्ही होतात. पुढच्या निवड चाचणीच्या अर्जावर जागेच्या रकान्यात सेंटरऐवजी गार्ड किंवा फॉरवर्ड (या दोन्हींच्या मधली जागा) लिही. निवडकर्ते कदाचित विचारतील, तू तर सेंटर होतीस ना? त्या वेळी शॉटची आणि गेलेल्या चेंडूंची वही बरोबर असू दे.